एका ‘येस’ची गोष्ट

न्यूझीलंडमधल्या रोटोटुनातला आमचा गोरा शेजारी हौशी शिकारी. दर सोमवारी कुंपणाशी येऊन निसटलेल्या हरणाचं वर्णन करायचा. हरीण दर वेळी मोठं व्हायचं. बंदुकीच्या लायसन्ससाठी ओळखीचा म्हणून त्यानं माझं नाव दिलं.

लायसन्सच्या चौकशीला आलेल्या पोलीसबाईंनी इंग्रजीत विचारलं, “त्याची भीती वाटत नाही ना?”

“येस,” मी म्हणालो. म्हणजे, हो, वाटत नाही. इंग्रजीत त्याचा अर्थ उलटा; त्यांनी ‘वाटते’ लिहिलं. मला ते दिसलं, पण बंदुकीची धास्ती होतीच, म्हणून गप्प बसलो. लायसन्स अडकलं. मुलानं माझ्या इंग्रजीवर खापर फोडलं, तेही मी चालू दिलं.

काल शेजाऱ्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही.

“अंकल, माझी भीती वाटते?”

या वेळी मी पूर्ण वाक्य बोललो, “तुझी कधीच वाटली नाही.”