नीलाबाईची खाट

मी कुरखेड्याचा. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली आणि निवृत्त झाल्यावर प्रवचनं सांगू लागलो. लोक अजूनही गुरुजीच म्हणतात. आवाज खणखणीत आहे, पाठांतर दांडगं आहे आणि समोर माणसं बसली की मला चेव येतो. हा चेवच नडला. नीलाबाईची गोष्ट सांगायची तर माझ्या या खोडीपासूनच सुरुवात करावी लागते.

नीलाबाई आमच्यापासून दोन कोसांवरच्या गावची. पावसाळ्यात धानाच्या रोवण्याची मजुरी, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता, असं तिचं वर्ष जायचं. नवरा सुकलू चार वर्षांपूर्वी गेला. भुईवर झोपलेला असताना त्याला मण्यार डसली. मण्यारीचा डंख दुखत नाही, माणसाला कळतही नाही. सकाळी पोट दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. तेव्हापासून ही बाई भुईला भ्यायची. भिंतीला टेकून बसल्या बसल्या रात्र काढायची. दोन उन्हाळे तेंदूपत्ता तोडून शेवटी तिनं वडशाच्या बाजारातून एक खाट आणली. सागाची नाही की शिसवीची नाही, साधी लोखंडी पाइपाची, निळ्या नायलॉनच्या पट्ट्यांची. पण आणली त्या दिवशी तिनं मोहल्लाभर गूळ वाटला. मला हे सगळं ठाऊक होतं. सुकलूच्या तेरवीला प्रवचन माझंच होतं आणि तो गूळ मीही खाल्ला होता.

गेल्या श्रावणात, रोवणे आटोपल्यावर, त्या गावात सप्ताह बसला. सहाव्या दिवशी माझा विषय होता मोह. समोर दिवसभर चिखलात उभं राहून पाय फुगलेल्या बायाबापड्या. त्यांना मी काय सांगावं?

“अरे, काय गाद्या-खाटा घेऊन बसले! भुई म्हणजे माय होय. मायच्या मांडीवर झोपाचं सोडून तुमाले चार पायाची खाट पाह्यजे? शेवटची खाट तं चौघं जण फुकटात उचलून नेतात, तिची काय घाई?”

मांडव खदाखदा हसला. कोणी तरी ‘वा गुरुजी’ म्हणालं. मग काय विचारता, त्या हशावर मी आणखी अर्धा तास ताणलं.

संपल्यावर नीलाबाई पाया पडायला आली. “गुरुजी, खाट बी मोहच होय का जी?”

तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं असतं तरी पुरलं असतं. पण हार चालले होते, फोटो चालले होते. मी म्हणालो, “जिच्याबिगर झोप येत नाई, तो मोहच होय, बाई.” वाक्य झकास जमलं म्हणून मी स्वतःवरच खूश झालो.

त्या गावात एक रीत आहे. काल्याच्या दिवशी, म्हणजे सप्ताहाच्या शेवटी, तळहातावर तुळशीचं पान ठेवून प्रत्येकानं एक गोष्ट जन्मभरासाठी सोडायची. लोक मोठे हुशार. ट्रॅक्टरवाल्या सुनिलभाऊंनी वांगं सोडलं. वांग्यानं त्यांच्या अंगाला खाज सुटते. मी सुपारी सोडली, ती डॉक्टरनं आधीच बंद केली होती. घरात शंभर वस्तू असल्या की एक सोडायला काय जातं? नीलाबाईजवळ सोडण्यासारखं एकच होतं. ती खाट डोक्यावर घेऊन आली आणि देवळाला देऊन मोकळी झाली. टाळ्या पडल्या. मी माईकवरून तिचं नाव घेतलं, म्हणालो, “याले म्हणतात वैराग्य!” जेवणं झाल्यावर तासभर मी त्याच खाटेवर लवंडलो. झोप छान लागली.

बाप्पा, काय सांगू आता. लाज वाटते.

पुरते पंधरा दिवसही झाले नसतील, फोन आला. नीलाबाई गेली. साप. तिची लेक दीपाली त्याच गावात दिलेली आहे, ती रडत म्हणाली, “धुऱ्यावर भाजी खुडाले गेली होती जी, तिथीच डसला.” मी हळहळलो. पण खोटं कशाला बोलू, मला हायसंही वाटलं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर डसला, घरात नाही. म्हणजे आपला काही संबंध नाही. इतका मी हलकट निघालो.

तेरवीला मलाच बोलावलं. देह कसा नाशवंत आहे यावर तासाभराचं तयार करून गेलो. मांडवात जाण्याआधी दीपालीनं मला आईच्या घरात नेलं, चहा दिला. कोपऱ्यात एक चटई गुंडाळून ठेवलेली होती. माझी नजर तिच्यावर गेली आणि दीपालीला राहवेना.

“गुरुजी, धुऱ्यावर नाई डसला. इथीच डसला, झोपीत.”

मी कप खाली ठेवला.

“खाट गेल्यापासून रोज रात्री बसूनच राहे. मी म्हनलं, आई, वापस आन. तं म्हने, तुळशीवर सोडली, आता कशी आनू? त्या दिवशी दिवसभर निंदाले गेली होती, थकली होती, डोळा लागला. सकाळी पोट दुखून राह्यलं म्हने, तवाच मी समजली.” तिनं पदरानं डोळे पुसले. “दवाखान्यात नेता नेता जीभ अडखळून राह्यली होती, तरी माहा हात धरून म्हने, गुरुजीले धुऱ्यावर डसला म्हून सांग. त्याइच्या जीवाले लागन.”

मला रडू आलं. हुंदके देऊन, लहान पोरासारखं, तिच्याच लेकीसमोर. तीच बिचारी मला पाणी देत होती.

मांडवात गेलो तर तयार केलेलं एक अक्षर तोंडातून निघेना. शेवटी म्हणालो, “भुईवर झोपू नोका. खाट घ्या. मच्छरदाणी घ्या, चारही बाजूनं गादीखाली खोचा. हा मोह नाई होय. आपला जीव वाचवणं कधीच मोह नसते. ज्याच्या घरी एकच खाट हाय त्याले वैराग्य शिकवाले गेलो, चूक माही झाली.”

पुढच्या रांगेतून एक म्हातारी उठली. नीलाबाईसोबत तिनं वर्षानुवर्षं पानं तोडलेली. आवाजात भांडण नव्हतं, ती खरंच विचारत होती.

“मंग तवा काऊन तसं सांगतलं जी, गुरुजी?”

सारा मांडव माझ्याकडे पाहत होता. दीपाली दारात उभी होती. काही तरी गोलमोल सांगून सुटता आलं असतं, ती विद्या मला येते.

“माह्या घरी दोन पलंग हायेत, बाई,” मी म्हणालो. “म्हणून.”