मातकट पतंग

दोन हजार पाचच्या सप्टेंबरात अमेरिकेत बेलव्ह्यूच्या सार्वजनिक भाजीबागेत माझ्या शेजारच्या वाफ्यावर एक मावशी यायच्या. साडीवर मुलाचं जाकीट, पायांत स्नीकर्स. नळ कसा उघडायचा, हे मी त्यांना दोनदा समजावलं होतं.

एकदा माझी मेथी बुडातून कुरतडलेली दिसली. मावशींनी चमच्यानं माती उकरली.

“सुरवंट!” मी हात मागे घेतला.

“केस आहेत का अंगावर? अळी आहे ही. पाठीवर काळ्या रेघांच्या दोन ओळी बघ. रात्री उडणाऱ्या पतंगाची. युरोपातला, इकडे नवा.”

पानाखाली दडलेल्या मातकट पतंगाला त्यांनी डिवचलं. आतले पंख झेंडूसारखे केशरी!

“मावशी, तुम्हाला कसं माहीत?”

“कृषी कॉलेजात जन्मभर कीटकच शिकवले. मिटून बसला की मातकटच दिसतो गं,” म्हणत त्या नळ उघडायला गेल्या.