आत्याचं अक्षर

माझी आत्या निजामाच्या पोलिसांच्या कागदावर अडाणी होती.

काल सकाळी ती गेली. पंच्याण्णव वर्षांची होती.

सेलूत निजामाच्या राजवटीत एक हस्तलिखित मासिक निघायचं. परवानगीशिवाय सभा नाही, परवानगीशिवाय छपाई नाही, असा तो काळ. म्हणून आठ जणांनी मिळून हातानं मासिक काढलं. दर महिन्याला एकच प्रत.

ती पोथीच्या लाल फडक्यात बांधून या घरातून त्या घरात जायची. शेवटची चार पानं कोरी. वाचणाऱ्यानं तिथे अभिप्राय लिहायचा, पण नाव घालायचं नाही.

एक शाळामास्तर, एक कापसाच्या जिनिंगमधला कारकून, माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तेव्हा एकोणीस वर्षांचे)...

आणि बोरीचा एक शेतकरी. तो कविता पाटीवर लिहून आणायचा. आत्यानं उतरवून घेतली की बाहीनं पाटी पुसायचा आणि म्हणायचा, "गेली बघा माझ्या हातून. आता तुमची."



आत्या सोळा वर्षांची. तिचं अक्षर मोत्यासारखं. सगळ्यांचं लेखन तीच उतरवायची आणि मूळ कागद चुलीत जायचे. मासिक सापडलंच, तर अक्षरावरून कुठलाही लेखक ओळखू येऊ नये, ही मास्तरांची युक्ती.

युक्ती छानच होती.

फक्त या शहाण्या माणसांनी एक घोटाळा केला. अक्षर इतकं सुंदर, म्हणून प्रत्येकानं घरची पत्रंही तिच्याकडूनच लिहून घेतली! लग्नाचं आमंत्रण, व्याह्यांची खुशाली, एकानं तर लोणच्याचं प्रमाणसुद्धा.

एकदा मासिकाचं सुटं पान पोलिसांच्या हाती लागलं. झडती सुरू झाली. चार घरांत तेच अक्षर निघालं.

एका दुपारी अमीन, म्हणजे तेव्हाचा फौजदार, ते पान घेऊन आमच्या दारात उभा.

"ये किसका हाथ है?"

त्यानं अण्णांना एक ओळ लिहायला लावली. अण्णांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. जुळणं शक्यच नव्हतं.

मग त्यानं आत्याकडे पाहिलं. "और ये लड़की?"

अण्णा सांगायचे, "माझी नजर तिच्या हाताकडे गेली. तिच्या बोटाला शाई होती."

आत्या म्हणाली, "मला लिहिता येत न्हाई."

अमीननं पंचनामा पुढे केला. शिक्क्याची गादी उघडली. अंगठा कर म्हणाला.

आत्यानं अख्खा हात त्या गादीत दाबला. पाचही बोटं काळी!

अमीन हसत सुटला. "अरे, अंगूठा बोला मैं, पंजा नक्को!"

आणि निघून गेला.

आठवडाभरानं मास्तर आत्याकडे आले. त्यांना मान वर करता येईना. "यमे, बंद करू बाई आपण हे. लय झालं."

"का म्हणून?"

"आमी आठ जण लपलो, आन् तुला एकटीला पुढं केलं. ध्यानातच आलं न्हाई गं."

"माझ्या ध्यानात पहिल्याच दिवशी आलं होतं," ती म्हणाली. "कागद आणलेत का? बोरीचे काका पाटी घेऊन बसलेत कवाचे."

मासिक एक महिनाही चुकलं नाही. पण निजामाचं राज्य जाईपर्यंत आत्या गावासाठी अडाणी राहिली. तिचं लग्नसुद्धा "मुलगी शिकलेली नाही" असं सांगून ठरलं. मासिकाच्या एकाही पानावर तिचं नाव नाही.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. सुट्टीत माझी कर्सिव्हची वही मी तिला मोठ्या ऐटीत दाखवली होती. ती म्हणाली, "इंग्रजी लय नटवलीस गं. मराठीला का उपाशी ठेवलंस?"

आणि रोज दुपारी माझा हात धरून तिनं माझं अक्षर घडवलं. तो हात कोणाचा होता, हे मला खूप उशिरा कळलं.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनच्या फॉर्मवर सही हवी होती. आत्याचा हात थरथरत होता. नर्स प्रेमानं इंकपॅड घेऊन आली. "आजी, अंगठा दिला तरी चालतंय."

आत्यानं हात मागे घेतला.

"एकदा दिलाय बाई. आता न्हाई. पेन आण."

पूर्ण नाव लिहायला तिला कितीतरी वेळ लागला. नर्स तो फॉर्म हातात धरून बघतच राहिली. "आजी, काय अक्षर आहे हो तुमचं!"

आत्या माझ्याकडे बघून हसली. तिच्या अक्षराला मिळालेला हा पहिला उघड अभिप्राय होता.

आत्या, ही पोस्ट टाईप केली आहे, माफ कर.

आधी हातानं लिहून काढली. ती प्रत काल तुला नेण्याआधी तुझ्या उशाशी ठेवली. खाली माझं नाव घातलंय, आणि त्याच्या वर तुझं.

जा म्हणवत नाही. ये आता.