कोल्ड रूम तीनची जास्तीची ओळ

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसतो. हेही लिहिलं नसतं, पण आमच्या आयटीवाल्या नीलेशने चारचौघांत ‘शेठ, तुम्ही चुकीचं वाचलंत’ म्हटलं... ते अजून झोंबतंय.

दुबईजवळच्या अजमानच्या इंडस्ट्रियल एरियात माझं फ्रोझन मालाचं गोदाम आहे. दुसऱ्याची व्हॅन चालवत आलो, आता चार कोल्ड रूम माझ्या. कोण कुठल्या रूममध्ये गेलं, त्याची दाराशेजारच्या रीडरला कार्ड लावल्यावर सर्व्हरवर नोंद होते. सर्व्हरला दोन डिस्क — एकीवर लिहाल ते क्षणात दुसरीवर. “एक गेली तरी दुसरी आहे शेठ, नो टेन्शन,” असं सांगून नीलेशने तो मला विकला होता. त्या दिवशी सकाळी नऊला डेटा बिघडला आणि तो बिघाडही दुसरीवर इमानदारीने कॉपी झाला! फोनवर त्याला असा झापला की अख्खं गोदाम ऐकत होतं.

त्याच तावात दत्तारामवर घसरलो. गुहागरचा, सात वर्षं माझ्याकडे. कोळंबीची खोकी चुकीच्या गाडीत चढवली होती त्याने. “तोंड दाखवू नकोस!” म्हणालो. तो गेला. नंतर फोन लावला तर बंद.

“रुसलाय तो, भाऊ,” सुपरवायझर म्हणाला. “संध्याकाळी येईल, इन्शाल्ला.”

तोवर नीलेश ऑफिसात कामाला लागला होता. त्याने दोन्ही डिस्कचा एकमेकींशी संबंध तोडला आणि पहाटे सहाचा बॅकअप दोन्हींवर वेगवेगळा भरला. “दोन्ही तंतोतंत जुळल्या की मगच जोडायच्या. नाहीतर पुन्हा घोळ.” मग थांबला. “शेठ... इकडे एक ओळ जास्त येतेय.”

मी वाकून पाहिलं. तारीख आजची. दत्तारामचं नाव. कोल्ड रूम तीन. आत — १०:५२. बाहेर — रिकामं.

“पहाटेच्या बॅकअपात ही कुठून आली? आणि सर्व्हर तर नऊपासून बंद आहे ना रे?”

त्याचं उत्तर ऐकायला थांबलो नाही, धावत सुटलो.

दार उघडलं तर दत्ताराम उंबऱ्याशीच बसलेला. जॅकेट नाही, ओठ निळे. आतून दार उघडायची कडी बर्फाने जाम झाली होती. सुपरवायझरने आणि मी उचलून बाहेर उन्हात आणला. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर...

परत आलो तर नीलेशने दोन्ही डिस्क जोडूनही टाकल्या होत्या.

“ती ओळ दाखव.”

“जुळत नव्हतं, म्हणून पुसून परत भरलं शेठ. पद्धतच आहे तशी.”

“अरे, तूच म्हणालास ना एक ओळ जास्त आहे?”

“असेल एखादी जुनी. शेठ, तुम्ही चुकीचं वाचलंत,” तो सगळ्यांसमोर म्हणाला.

तो बॅकअप मी दुसऱ्या कंपनीकडून तीनदा भरून घेतला. ती ओळ नाही. एकदाही नाही.

दत्ताराम बरा होऊन आला तेव्हा त्याला विचारलं, “ती खोकी परत ठेवायला आत गेलास, तेव्हा कार्ड लावलं होतंस?”

“कुठे लावणार भाऊ? तीन नंबरला रीडर आहे कुठे? भिंतीला नुसतं भोक.”

खरं होतं. बिघडलेला रीडर मीच काढायला लावला होता आणि नव्याच्या भावावरून दोन महिने अडून बसलो होतो. आता नवा बसवलाय. सांगतील त्या भावाला घेतला, एक दिरहमही कमी करायला लावला नाही. पण त्या दिवशीची ती नोंद कोणी केली... मला माहीत नाही.