खरा गुण कुणाच्या हाताचा

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कदाचित तुम्ही मायला ओळखत नाही म्हणून.

माय म्हणजे माझी आई. आमच्या खेड्यात, गोरेगावात, तिचा हातगुण सगळ्यांना ठाऊक. लोणच्याच्या बरणीत पहिला हात तिचा लागला की बुरशी येत नाही म्हणतात. तुरीच्या पेरणीची पहिली मूठही शेजारीपाजारी तिच्याच हातून टाकून घेतात. मी सेनगावला शाळेत विज्ञान शिकवतो — मला याचं हसू यायचं.

तिचा उजवा गुडघा पार झिजला, तेव्हा शहरातल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून नीट समजावलं. नेहमीच्या ऑपरेशनमध्ये हाड किती कापायचं ते डॉक्टर साचे लावून, आपल्या नजरेनं ठरवतात. रोबोट असला की ते माप संगणक घेतो आणि कापणारं हत्यार आखलेल्या रेषेबाहेर जाऊ देत नाही — पण चालवणारा डॉक्टरच. माप अधिक काटेकोर येतं, हे खरं. चालण्या-फिरण्यात मात्र फार फरक पडेलच असं नाही, हेही तेच म्हणाले. दोन्ही चांगलं, तुम्ही ठरवा.

बाहेर बाकड्यावर मायनं ठरवलंही. "बापू, मला मशीन नको लावू देऊ. मानसाचा हात पाहिजे. ह्या डॉक्टरच्या हाताला गुण हाय."

"बरं," मी म्हणालो.

आणि मग — मग मी एकटाच परत आत गेलो आणि डॉक्टरांना सांगितलं, आई रोबोटला तयार आहे.

का? तिच्या भल्यासाठी, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. तेही खोटंच. शाळेत चहाच्या वेळी मी आधीच फुशारकी मारून बसलो होतो, की आमच्या मायचा गुडघा रोबोट बसवणार. आता साध्या पद्धतीनं केलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? एवढंच कारण. याहून मोठं काहीतरी असतं तर बरं झालं असतं.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी तिला विचारलं, मुलानं सगळं समजावलंय ना? "व्हय, बापूनं बराबर सांगितलंय," म्हणाली, आणि मी बोट ठेवलं तिथं तिनं सही केली. मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडायला कितीसा वेळ लागला असता?

गुडघा उत्तम बसला. यंत्रानं आपलं काम चोख केलं, त्याला मी बोल लावणार नाही. माय मात्र गावभर सांगत सुटली — डॉक्टरच्या हाताचा गुण! ते ऐकून तिच्या धाकट्या बहिणीनं, हट्टा गावच्या माझ्या मावशीनं, त्याच डॉक्टरांकडून गुडघा बदलून घेतला. तिचा खरोखरच बिनयंत्राचा. आता दोघी बांधावरून सोबत चालतात आणि मी मागून बघतो. कुणाचा कसा बसवला, चालीवरून मला तरी ओळखू येत नाही. म्हणजे मायनं मागितलं ते तिला देऊन काय बिघडणार होतं? माझी चहाच्या वेळची शान तेवढी गेली असती. फार लाज वाटते.

परवा मावशी आली होती. दोघी ओसरीवर पाय पसरून बसलेल्या. मी चहा घेऊन गेलो, तर मायनं माझा हात धरून खाली ओढला आणि आपल्या गुडघ्यावर, व्रणावर ठेवला.

"डॉक्टरचा हात त चांगलाच हाय," ती मावशीला म्हणाली, "पन ह्यानं मशीन लावू देलं न्हाई मला. खरा गुण ह्या हाताचा."

मी हात तिथंच राहू दिला.