शोभा सिस्टर आणि माझ्या भावाचा जबडा

शोभा सिस्टरांना साठ वर्षं पूर्ण होताहेत, त्यांच्याबद्दल चार शब्द लिहा, असा निरोप आला. माझी शाळा चौथीत सुटली. गोड लिहिता येणार नाही.

ओळख झाली ती भांडणातच. माझा धाकटा भाऊ सुनील, त्याच्या कानात, कुणी नसतानाही, माणसं बोलल्याचे आवाज येतात. त्यासाठी पंधरा वर्षं गोळ्या चालू आहेत. तीन वर्षांपूर्वी त्याचा जबडा सारखा हलायला लागला, जीभ आत-बाहेर. मला वाटलं, चोरून तंबाखू खातो. खिसे तपासले, एकदा कानफटात मारली. "ताई, मी काही खात नाहीये गं," म्हणायचा. वेड्याचं कोण ऐकतं?

दवाखान्यातही मी ओरडत होते. सिस्टर आल्या. "अहो बाई, आपण जरा गप्प बसता का?" मग सुनीलला म्हणाल्या, "दादा, तोंड उघडा बघू." आत काही नव्हतं. "खरं बोलताहेत ते. बरीच वर्षं गोळ्या घेतल्या की काहींना हे होतं." त्याच पावली डॉक्टरांना घेऊन आल्या.

डॉक्टरांनी गोळी बदलली. जबडा थांबला नाही.

"थांबेल ना?" मी सिस्टरांना विचारलं.

"बहुतेक नाही."

"खोटं तरी सांगा!"

"नाही सांगणार. आणि घरी मनानं गोळी बंद केलीत, तर माझ्याशी गाठ आहे."

खराडीला बहिणीकडे बारसं होतं. लोकांना किळस येते म्हणून सुनीलला आतल्या खोलीत एकट्याला जेवायला बसवलं. तिथं त्याला घास अडकला, डोळे पांढरे झाले. हे कळल्यावर सिस्टर रविवारी धायरीला आमच्या घरी आल्या, त्याच्या शेजारी बसून जेवल्या. पाठ ताठ, घास लहान, गिळल्याशिवाय दुसरा नाही, असं आम्हा दोघांनाही शिकवलं. त्याच्या तोंडातला भात त्यांच्या साडीवर सांडला. पुसला आणि पुढे जेवल्या. तेव्हापासून घास अडकलेला नाही. एवढंच काय ते बरं झालंय.

सुनील आता घराबाहेर पडत नाही. आरशावर टॉवेल टाकून ठेवतो. मी पन्नाशी ओलांडली. माझ्यामागे याचं काय, असं मी सिस्टरांना विचारलं. त्या माझा हात धरून बसल्या.

सिस्टर, आपण निवृत्त होताय. आपल्याला भरपूर आयुष्य मिळो, गुडघे शाबूत राहोत. आजारी मात्र पडू नका. आपण दुसऱ्याचं जसं करता, तसं आपलं करणारं कुणी मला तरी दिसत नाही.