मैदानावरचं योक्काइची

सूर्यवंशी सर दर वर्षी शाळेच्या मैदानावर एक अख्खं शहर वसवायचे आणि संध्याकाळी पोरांकडूनच ते झाडून घ्यायचे. मी नोकरीवर हजर व्हायला गेले तो दिवस नेमका शहर वसवण्याचा होता. नवीन लुगडं सावरत मी फाटकातून आत शिरले, तर उकिडवा बसलेला एक सडपातळ माणूस चुन्याची फक्की टाकत होता. मान वर न करता तो म्हणाला, "बाई, तुमचा पाय आखातात पडलाय. भिजंल, मागं सरका." खाली बघितलं, तर खरंच उथळ खड्डा खणून त्यात पाणी सोडलेलं. माझी चप्पल चिखलात रुतली होती आणि चाळीस पोरं खदाखदा हसत होती.

बिदर जिल्ह्यातल्या संतपूरपासून दोन कोसांवर आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, सासरची माणसं अजून तिथे आहेत. म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत मी त्या सरकारी शाळेत मराठी शिकवायला लागले. लग्न त्याच गावात झालेलं. भूगोल सूर्यवंशी सरांकडे. हा माणूस उदगीरच्या पलीकडे गेलेला नव्हता, आणि जपानमधलं योक्काइची मात्र असं सांगायचा, जसं काही तिथल्या बाजारात त्याची उधारी चालते.

पुस्तकात योक्काइचीवर चार ओळी होत्या. बंदर, तेलशुद्धीकरण, कापड, चिनीमातीची भांडी. आणि वर एक वाक्य, की तेथील धुराडी प्रगतीची साक्ष देतात. सर ते वाक्य मोठ्यानं वाचायला लावायचे आणि म्हणायचे, "नकाशाला वास नसतोय रे बाळांनो. चला मैदानावर." मैदानाच्या मावळतीला चिखलाची रांग, ते सुझुका डोंगर. उगवतीला पाणी, ते इसे आखात. मधल्या चिंचोळ्या पट्टीत शहर. "ह्या गावाच्या नावाचा अर्थ म्हणजे चौथीचा बाजार. आपला जसा सोमवारचा बाजार, तसा त्यांचा चौथीचा." हे ऐकलं की पोरांना ते गाव एकदम आमच्या तालुक्याच्या, औरादच्या शेजारचं वाटायला लागायचं. मग जुना राजरस्ता यायचा, त्यावरच्या मुक्कामाच्या धर्मशाळा यायच्या, चहाच्या किटल्या घडवणारे कुंभार यायचे, सुताच्या गिरण्या यायच्या. जूनमधला त्यांचा पाऊस, सप्टेंबरातली वादळं, थंडीत डोंगरावरून उतरणारा कोरडा, बोचरा वारा. लढाईत आरमाराच्या तेलाचा कारखाना तिथे होता, म्हणून बॉम्ब पडले, गाव जळालं. लढाईनंतर त्याच जागेवर नवे कारखाने उभे राहिले.

आणि मग खरा धडा सुरू व्हायचा. पाण्याच्या काठाला चार पोरं सूप घेऊन उभी करायची. ही धुराडी. सुपात ज्वारीचं भूस. "टाका हळूहळू!" भूस उडून ज्या पोरांवर पडेल ती खोकायची. आमच्याकडे उपणणी करताना तिवईवर चढायच्या आधी शेजारच्या खळ्याला विचारायची रीत आहे, की बाबा, माझं भूस तुझ्या राशीवर तर जाणार नाही ना? पोरांना हे घरचंच. सर तेवढंच सांगायचे, "तिथं कुणी इचारलं न्हाई. थंडीत वारं डोंगराकडून. धूर गेला कोळ्यांच्या वस्तीवर. उन्हाळ्यात वारं फिरलं, समुद्राकडून आलं. धूर गेला शहरावर." मासळीला तेलाचा वास मारायला लागला, बाजारात कुणी घेईना. म्हाताऱ्यांना दमा, लेकरांना दमा. शेवटी कोळीवाड्यातली आजारी माणसं कोर्टात गेली आणि जिंकली. हे सगळं त्यांनी उदगीरच्या रद्दीवाल्याकडच्या इंग्रजी मासिकांतून शब्दकोश घेऊन वाचलेलं. परीक्षेत यातलं काही विचारत नसत. हेडमास्तर कुरकुरले की सर म्हणायचे, "परीक्षा एक दिवसाची असतीय साहेब. वारं रोजचं."

सरांचं घर गावाच्या उगवतीला, बौद्ध वस्तीत. आपल्या बहुतेक गावांत ही वस्ती उगवतीलाच का असते, हे मला चांगली बी.ए. होऊनही ठाऊक नव्हतं. सरांनीच एकदा डबा खाताना सांगितलं, "वारं जास्त करून मावळतीचं असतंय बाई. आमच्या अंगावरून गेलेलं वारं गावात येऊ नये, म्हणून आमी तिकडं." अगदी पाऊसमान सांगावं तसं सांगितलं. छप्पननंतर वस्तीनं धर्म बदलला आणि मेलेलं जनावर ओढायचं काम सोडलं. त्यावर गाव किती चिडलं होतं, हे माझ्या सासरी अजून चवीनं सांगत. लाज वाटायच्या गोष्टी आपले लोक किती चवीनं सांगतात!

माझे चुलत सासरे अण्णाराव. गावचे कर्ते, घरात शब्द त्यांचाच. एका गुढीपाडव्याच्या सुमाराला त्यांनी आणि आळंदच्या एका व्यापाऱ्यानं मिळून हाडांची गिरणी काढायचं ठरवलं. जनावरांची हाडं आणायची, बॉयलरमध्ये शिजवायची, दळून खत करायचं. धंदा म्हणून वाईट नाही. जागा ठरवायला शाळेच्या ओसरीवर सभा भरली, म्हणून आम्ही मास्तर-मास्तरणीही तिथेच. अण्णाराव म्हणाले, "जागा उगवतीलाच. आजपातूर गावाचं जे काय असलं-तसलं ते तिकडंच गेलंय की." म्हणजे गावाच्या आणि वस्तीच्या बरोबर मधोमध. सगळ्यांनी माना डोलावल्या. खळ्यावर हीच माणसं वाऱ्याला विचारल्याशिवाय सूप उचलत नाहीत. पण जागा ठरवताना त्यांनी वाऱ्याला विचारलं नाही, रिवाजाला विचारलं.

सूर्यवंशी सर उठले. "अण्णा, गिरणीच्या खालच्या अंगाला आमची वस्ती हाय. मावळतीचं वारं सुटलं की वास आन् धूर समदा आमच्या घरात. माझ्या मायला दम्याचा तरास हाय. आमाला तरास होतंय. जागा बदला."

अण्णाराव हसले. म्हणाले, "मास्तर, तुमच्या लोकांला हाडाचा वास नवा हाय व्हय?"

ओसरीवर हशा पिकला. माझ्या सासरच्या माणसाच्या तोंडून हे निघालं आणि मी तिथे मास्तरीण म्हणून बसलेली! अंगाची लाही लाही झाली. सर मात्र शांत होते. "नवा न्हाई, म्हणूनच सोडलाव आमी, अण्णा," एवढं म्हणाले आणि खाली बसले.

गिरणी सुरू झाली. मृगापासून वारं भरारलं आणि वस्तीवर तो आंबूस, गोडसर वास जो बसला तो हलेना. वस्तीतली पोरं वर्गात यायची तर त्यांच्या दप्तरालासुद्धा तो वास. पुढच्या बाकावरच्या पोरी पदराने नाक दाबायच्या आणि मी त्यांच्यावर ओरडायचे. सरांच्या आई, गंगूमाय, रात्रंदिवस बसून असायच्या. आडवं झालं की श्वास लागायचा. मी एकदा भेटायला गेले तर म्हणाल्या, "बाई, ह्या वासासंगं माजी ल्हानपनीच फारकत झालती. म्हातारपनी पुन्ना नांदायला आलाय बगा." अण्णारावांना मी घरी सांगितलं. ते म्हणाले, "सूनबाई, तू शाळेत कविता शिकीव." सरांनी शेवटी आईला उदगीरला बहिणीकडे पोचवलं. श्रावणात माय तिकडेच गेली. आयुष्यभर ज्या घराच्या भिंती सारवल्या, त्या घरात तिला मरण आलं नाही. लेकीच्या दारात, भाड्याच्या खोलीत आलं.

आठ दिवसांनी सर शाळेत आले आणि त्यांनी योक्काइची मांडलं. तेच डोंगर, तेच आखात, तीच सुपं. एक शब्द कमी नाही की जास्त नाही. पण त्या वर्षी हेडमास्तरांच्या कानावर गेलं, की मास्तर जपानच्या नावाखाली गिरणीविरुद्ध पोरं भडकवायलेत. हेडमास्तरांनी त्यांना बोलावून सांगितलं, "जपान शिकवा हो, नाही कोण म्हणतंय? पण तेवढी धुराडी वगळा." सर म्हणाले, "वगळतो की साहेब. त्या लोकांच्या छातीतनं आधी वगळून या." दिवाळीच्या सुट्टीत बदलीचा हुकूम आला. खजुरीला. औराद तालुक्यातला माणूस उचलून थेट आळंद तालुक्यात, महाराष्ट्राच्या वेशीवर. कुणाच्या शब्दावर हुकूम निघाला, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

आणि दिवाळी सरली तसं वारं फिरलं.

दर वर्षी फिरतं. हिवाळ्यात आमच्याकडे उगवतीचं वारं सुटतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गिरणीचा वास आता वस्तीकडून उलटला आणि सरळ गावात शिरला. आमच्या घरात तर आधी, कारण आमचा वाडा उगवतीच्या टोकाला. पहिल्या दिवशी अण्णारावांनी मेलेली घूस शोधायला लावली. दुसऱ्या दिवशी ताटावरून उठले. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी दळण-कांडण दारं लावून केलं, आणि घरात असा कल्लोळ उडाला की विचारू नका. आठवडा पुरा व्हायच्या आत बॉयलर थंड झाला. गिरणी उचलून ओढ्यापलीकडच्या माळावर नेली, जिथून कुणालाच वास येत नाही. म्हणजे माळ होता! पाडव्याला पण होताच! पाच महिने वस्ती खोकत होती तेव्हा तो माळ कुणाला दिसला नाही आणि अण्णारावांच्या वरणाला वास आला तसा लख्ख दिसला.

वर्गात एक पोरगं मला सहज म्हणालं, "बाई, सरांनी मैदानावर दावलं होतं की. आधी कोळ्यांवर, मग वारं फिरलं की शहरावर." सरांना माहीत होतं. दर वर्षी जे तोंडपाठ सांगतात, ते सभेच्या दिवशी त्यांना माहीत नव्हतं असं कसं होईल? मग बोलले का नाहीत?

ज्या दिवशी ते खजुरीला निघाले, त्या दिवशी मी भांडायच्या तयारीनंच बसथांब्यावर गेले. एक ट्रंक, एक वळकटी, पुस्तकांची पिशवी. मी नमस्कार-चमत्कार काही केलं नाही. सरळ विचारलं, "सर, दिवाळीनंतर वास गावात येणार, हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"व्हय."

"मग सभेत का नाही सांगितलंत? एवढं एक वाक्य! 'अण्णा, थंडीत वास तुमच्याच घरात येईल' म्हणाला असता, तर त्याच मिनिटाला जागा बदलली असती. गंगूमाय आज..."

सरांनी वळकटीची दोरी आवळली. बिदरची गाडी वळणावर दिसली होती. एरवी वर्गात चढा असणारा आवाज पार खाली गेला होता.

"अक्का, मायला उदगीरला मीच सोडून आलो. रोज रातच्याला हेच इचारतो सवताला. सांगितलो असतो, तर जागा बदलली असती, खरंय. पण कामून बदलली असती? अण्णाला वास येतोय म्हणून. मंजी आमचा तरास हा तरासच न्हाई, अण्णापातूर पोचल्याबिगर. हे मी माझ्या तोंडानं कबूल करू व्हय? आमाला तरास होतंय, असं मी भर सभेत सांगितलो, बाई. तेवढं पुरं व्हायला पायजे होतं."

गाडी आली. मी पुस्तकांची पिशवी खिडकीतून आत दिली. त्यांचं बरोबर होतं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि ते ठरवायची पाळी त्यांच्यावर आणणाऱ्यांचा राग आजही तसाच आहे. खजुरीहून ते पुढे आणखी कुठे कुठे गेले. आमची पुन्हा गाठ पडली नाही.

घरी आले तर अण्णाराव ओसरीवर पान लावत बसले होते. पाहुणे आले होते, त्यांना सांगत होते, "गिरणी काय, चांगली चालायली होती. पण गावाला तरास व्हायलाय म्हणल्यावर एक दिस ठेवलो न्हाई मी."